तिथी बघून गुहागर: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत आम्ही पुण्याहून पाच वेळा गुहागरला गेलो. पहिली खेप सोडली तर बाकी चारही मी भरती-ओहोटीचा हिशेब मांडून आखल्या. हा हिशेब कुठल्या ॲपमधला नाही. तो कोकणातल्या घराघरांत आहे, आणि मला तो कळायला चाळिशी उजाडावी लागली याची रुखरुख वाटते.

पहिल्या खेपेला कोजागरी दोन दिवसांवर आली होती. हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीची लाट शिरली की फवारा उडवणारी खडकातली भेग, बघायची म्हणून मुलांना आठवडाभर सांगून ठेवलं होतं. दशभुज गणेशाचं दर्शन घेतलं, पाचच्या सुमाराला उमा-महेश्वराच्या देवळामागून खडकांवर पोचलो. खडकातली ती उभी, अरुंद भेग समोर होती आणि तिच्या तळाशी पाणी नुसतं चुळबुळत होतं. धाकटी म्हणाली, "आई, पाणी कधी उडणार?" आम्ही अर्धा तास थांबून परतलो.

रात्री जेवताना घरमालकीण काकूंना हे सांगितलं. त्यांनी आमटी वाढता वाढता विचारलं, "आज तिथी कोणती?" मला येईना. "त्रयोदशी हो ताई. चार वाजता पुरती सुकती, म्हणजे ओहोटी. घळीत पाणी यायचं कुठून?" मग त्यांनी तो हिशेब सांगितला.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. म्हणून रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर तिथी छापलेली असतेच, त्यामुळे लागतं ते फक्त पाऊणकीचं गणित.

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही परत गेलो. साडेदहालाच हेदवीला पोचून सावलीला बसलो. अकरापासून लाट घळीत शिरायला लागली. आधी आतून घुमल्यासारखा आवाज, मग एकदम पांढरा फवारा, दोन-तीन माणसं उंच. मुलं किंचाळत होती. घळीच्या काठापासून बऱ्यापैकी लांब उभं राहा, खडक शेवाळलेला असतो आणि एखादी लाट बाकीच्यांपेक्षा मोठी निघते. हे मी काळजीने सांगते आहे, कारण आमच्या शेजारचे दोघे फोटोसाठी अगदी कडेला गेले होते आणि मला ते बघवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी दुसरा फायदा लक्षात आला. सव्वाअकराला भरती म्हणजे साडेपाचला ओहोटी. गुहागरचा किनारा एरवीही लांबलचक, पण उधाणाच्या दिवसांत ओहोटीला तो इतका रुंद होतो की ओल्या, घट्ट वाळूवर मुलं अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कोरड्या वाळूत चालवत नाही. त्या घट्ट वाळूवरून आरामात चालल्या. वयस्कर माणसं सोबत असतील तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी पौर्णिमा-अमावास्येच्या मागचेपुढचे दोन-तीन दिवस धरावेत.

नाताळात मात्र अष्टमी आली. शाळेची सुट्टी तिथी बघून मिळत नाही. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला. सूर्यास्ताच्या वेळी किनाऱ्याची पट्टी अरुंद, वर सुट्टीची गर्दी. पहिल्या दिवशी घरात सगळ्यांची तोंडं उतरली. दुसऱ्या दिवशी मी क्रम फिरवला: पाणी उतरायला लागल्यावर साडेनऊ-दहाला किनारा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी अंजनवेलचा गोपाळगड. गडाच्या तटावरून वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते, पलीकडे दाभोळ. त्या अष्टमीमुळेच आम्ही तिथे सावकाश बसलो. अष्टमीच्या या मवाळ भरतीला तिथे भांग म्हणतात. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. अशा दिवसांत घळीसाठी हेदवीला जाऊ नका, देवदर्शनासाठी जरूर जा.

पोहण्याबद्दल काकूंचं म्हणणं ठाम होतं: पाणी चढत असताना किनाऱ्याजवळ भिजा, उतरत असताना आत जाऊ नका. ओहोटी पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढते. आम्ही हे कटाक्षाने पाळलं. भरती चढती असली तरी कमरेच्या वर पाण्यात गेलो नाही.

फेब्रुवारीअखेरची खेप कासवांसाठी होती. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत अंडी घालून जातात. ती अंडी उधाणाचं पाणी पोचणार नाही अशा कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, आणि पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-पावणेदोन महिने लागतात. इथे तिथीचा हिशेब चालत नाही. पिल्लं कधी निघतील ते कुणीच ठरवू शकत नाही. तीन पहाटे गेलो, तिसऱ्या दिवशी सात पिल्लं दिसली. कासवांसाठी जाणाऱ्यांनी किमान दोन मुक्काम ठेवावेत, एका रात्रीच्या भरवशावर एवढा प्रवास करू नये.

हिशेबाची एक मर्यादा सांगायला हवी. पाऊणपट हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबईच्या तक्त्यातली वेळही तशीच उचलू नका, रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी येते. बोटीने जायचं असेल किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखं ओहोटीत चालत जाऊन परतायचं असेल, तर रत्नागिरी किंवा अलिबागचा छापील तक्ता आणि स्थानिक माणसाचा शब्द, दोन्ही घ्या.

आता आमचा क्रम पक्का झाला आहे. आधी तिथी, मग काकूंना फोन, मग रजा. उंब्रजवरून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता आम्हाला सोपा पडतो. रेल्वेने येणाऱ्यांना चिपळूण स्टेशन. जेवण घरगुती असलं की मासे की शाकाहारी ते सकाळीच सांगावं लागतं, आणि ते रास्तच आहे, बाजार सकाळी होतो. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.

महाराष्ट्र दिनाला पौर्णिमा जुळून आली. त्या ओहोटीला खडक दूरपर्यंत उघडे पडले आणि चार-पाच बायका कोयते घेऊन कालवं काढायला उतरल्या होत्या. कालवांना खोल उतरलेली ओहोटी लागते, म्हणून त्या तिथी मोजूनच येतात. मुलीने त्यांतल्या एका आजींना विचारलं, "आज पाणी कधी परत येणार?" त्यांनी सूर्याकडेही बघितलं नाही, घड्याळाकडेही नाही. "तुझ्या टोपलीत बोटभर कालवं झाली की," म्हणाल्या, आणि तिच्या हातात छोटा कोयता दिला.