सेचेनी की रुदाश?
बुडापेस्टमध्ये हातात एकच दुपार असेल, तर गरम पाण्याच्या कुठल्या स्नानगृहात जावं?

सेचेनी १९१३ चं, ऐसपैस. मेट्रो अगदी दारात. उघड्यावरच्या हौदात छातीभर पाण्यात बुद्धिबळ मांडून बसलेले आजोबा दिसतात. गर्दी मात्र अफाट.

रुदाश सोळाव्या शतकातलं, तुर्की. आठ खांबांवर घुमट, खाली अष्टकोनी हौद. घुमटाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पाण्यावर पडतात. कोपऱ्यातल्या ४२ अंशांच्या हौदात अंग कसं मोकळं होतं! पण इथे काही वारी फक्त बायकांना किंवा फक्त पुरुषांनाच प्रवेश. जोडप्यांनी आधी चौकशी करावी.

शनिवार-रविवारी दोन्हीकडे तिकीट महाग.

मित्रमंडळींसोबत, त्यातही हिवाळ्यात, सेचेनी. शांतपणे डुंबायचं असेल, जुन्या वास्तूंची ओढ असेल, तर रुदाशच.