घरची भेंडी : कढईत घालावी की बरणीत?

घरच्या भेंडीचा हिशेब जरा विचित्र असतो. पेरल्यापासून सव्वा-दीड महिन्यात फुलं लागतात, फूल उमलल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी शेंग तोडायला येते, आणि पुढचे दोन दिवस दुर्लक्ष झालं की तीच शेंग जून होऊन बसते. बहरात एक झाड साधारण दिवसाआड एक शेंग देतं. गच्चीवर चार झाडं असतील तर रोजच्या दोन भेंड्या. दहा झाडं असली तरी पाव किलो जमायला चार दिवस लागतात. म्हणजे बहुतेकांची अडचण भेंडी उदंड झाल्याची नसतेच, ती थोडी थोडी येत राहते ही असते. त्यात फ्रिजही फार मदत करत नाही. भेंडीला सात ते दहा अंश सेल्सिअस मानवतं. घरच्या फ्रिजमध्ये त्याहून जास्त गारठा असतो, म्हणून तीन-चार दिवसांत तिच्यावर काळे डाग पडायला लागतात. कोरडी पुसून, कागदात गुंडाळून, दाराच्या कप्प्यात ठेवली तर थोडी जास्त टिकते, इतकंच.

मग या भेंडीची भाजी करावी की लोणचं घालावं? उरलेली, थोडी जून झालेली भेंडी लोणच्यात खपून जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. बरणीला लागते ती सगळ्यात कोवळी, बोटभर लांबीची, नेहमीपेक्षा दोन दिवस लवकर तोडलेली शेंग. जून शेंगेचे दोर व्हिनेगरात कितीही दिवस ठेवले तरी दोरच राहतात. म्हणजे बरणी भरायची तर भाजीतली उत्तम भेंडी सोडावी लागते, आणि ती सोडण्याइतकं बरणीतून काय मिळतं ते आधी बघायला हवं.

कढईची बाजू

भाजीच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे तिला संख्या चालते. सहा भेंड्या असल्या तरी एक बटाटा किंवा कांदा घालून दोघांपुरती भाजी होते. दुसरी गोष्ट चव. सकाळी तोडलेली भेंडी दुपारी कढईत पडली तर तिच्यात जो हिरवा गोडवा असतो, तो बाजारच्या भेंडीत क्वचितच मिळतो. भाजीवाल्याच्या नजरेसमोर टोकं मोडून बघायचीही गरज नाही.

भेंडी नकोशी होते ती तिच्या बुळबुळीतपणामुळे, आणि तो आटोक्यात ठेवणं कढईत सोपं जातं. शेंगेतला चिकट द्रव पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करांचा असतो. चिरलेल्या भेंडीला पाणी लागलं की तार सुटते. म्हणून आधी धुवायची, फडक्याने कोरडी करायची, मगच चिरायची. कढई पसरट हवी, आच मोठी हवी, आणि झाकण ठेवायचं नाही, कारण झाकणाखालची वाफ पुन्हा पाणीच होते. मीठ शेवटी, कारण ते आधी घातलं की भेंडीला पाणी सुटतं. आंबटही लागतं : आमसूल, लिंबू, चिंच किंवा ताक. आंबटाने तार तुटते. लोखंडी कढईत भेंडी काळी पडते. चवीला काही होत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवायची असेल तर दुसरी कढई घ्या.

घरच्या भेंडीला कोणता प्रकार योग्य, हे शेंगांच्या आकारावर ठरतं. सगळ्या सारख्या, बोटाएवढ्या असतील तर भरली भेंडी करावी : दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, चिमूटभर साखर, आमसुलाचं पाणी. कुंडीतून मात्र सारख्या आकाराच्या शेंगा एका वेळी मिळणं कठीण. लहानमोठ्या मिसळून आल्या की काचऱ्या परतून ओलं खोबरं घालणं सोयीचं. थोड्या पुढे गेलेल्या, पण अजून सुरीने सहज कापल्या जाणाऱ्या शेंगा ताकातल्या भेंडीत चांगल्या लागतात. काप आधी तेलावर परतून घ्यायचे आणि डाळीचं पीठ लावलेलं आंबट ताक नंतर ओतायचं. गोव्यात सुंगटांच्या हुमणात, म्हणजे कोळंबीच्या नारळ घातलेल्या आमटीत, भेंडी पडते, तिथेही बिंबल किंवा कैरीचं आंबट असतंच. आमच्या मते घरच्या भेंडीला यापेक्षा मोठा मान नाही.

आपल्या पद्धतीचं लोणचं : इथे सांभाळून

मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, वरून गार केलेली फोडणी. कैरीचं लोणचं असंच टिकतं, मग भेंडीचं का नाही? कारण कैरी आणि लिंबू स्वतःच आंबट आहेत. त्यांचं लोणचं वर्षभर राहतं त्यात मिठाइतकाच त्या फळाच्या आंबटपणाचा वाटा असतो. भेंडीत आंबट जवळजवळ नाही. तिचा सामू (pH, हा आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) सहाच्या आसपास असतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारा जंतू थोपवायला तो ४.६ च्या खाली आणावा लागतो. वरून तेलाचा थर दिला की आत हवा जात नाही, आणि या जंतूला नेमकी बिनहवेची जागा आवडते. कैरीच्या बरणीत राखण करणारं तेल भेंडीच्या बरणीत म्हणून भरवशाचं नाही.

याचा अर्थ हे लोणचं करूच नये असा नाही. ताजं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, आठवड्यात संपवावं. पाव किलो भेंडीला चार-पाच रसदार लिंबांचा रस तरी हवा. तुकडे करून अर्धा दिवस उन्हात सुकवले आणि तेलावर मिनिटभर परतून घेतले तर दुसऱ्या दिवशी खार तारेसारखा ओढला जात नाही. ही पायरी टाळणाऱ्यांची बरणी बहुधा तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. चव चांगली असते, दहीभाताबरोबर तर फारच. पण हे टिकवण नाही, तोंडीलावणं आहे. पावसाळ्यासाठी साठा म्हणून याचा विचार करत असाल तर सोडून द्या.

व्हिनेगरातली अख्खी भेंडी

भेंडी खरोखर टिकवायची असेल तर हा सर्वांत भरवशाचा मार्ग. पद्धत आपली नाही. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर भेंडी अमेरिकेच्या दक्षिण भागात पोचली आणि तिथे व्हिनेगरातली भेंडी घरोघरची झाली. टेक्सासच्या दुकानांत तिच्या बाटल्या आपल्याकडच्या आंब्याच्या लोणच्याइतक्या सहज मिळतात. तिकडच्या मसाल्यात शेपूचे दाणे असतात, म्हणजे आपल्या बाळंतशेपा. त्याबरोबर लसूण, मोहरी, मिरी, एखादी सुकी मिरची.

५ टक्के आम्लाचं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, लिटरभर मिश्रणाला साठएक ग्रॅम मीठ, उकळी आणून बरणीत उभ्या दाटून भरलेल्या शेंगांवर ओतायचं. मात्र आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेलं असतं. मग पाच भाग व्हिनेगरला तीनच भाग पाणी घ्यावं, आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. बाहेर फडताळात ठेवायची असेल तर ५ टक्क्यांचंच व्हिनेगर आणि झाकण लावलेली अर्ध्या लिटरची बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, ही शिस्त सोडता येत नाही. तेवढा खटाटोप नको असेल तर फ्रिज बरा, तिथे ती दोनेक महिने छान राहते.

यशाची किल्ली सुरीत आहे. देठ छाटायचा, पण शेंगेच्या टोपीला धक्का लावायचा नाही. टोपी कापली गेली, शेंग चिरली गेली की आतला चिकटपणा बाहेर येतो आणि बरणीभर शेंबडासारखं पाणी होतं (शब्दाबद्दल माफी, पण दिसतं तसंच). अख्खी राहिली तर दोन-तीन आठवड्यांनी ती कुरकुरीत, आंबट, लसणीच्या वासाची होते आणि बुळबुळीतपणा नावालाही राहत नाही. भेंडी चिकट लागते म्हणून न खाणाऱ्या माणसाला ही खाऊन बघायला द्यावी.

आपल्या ताटात ती कुठे बसते, हा प्रश्न उरतोच. वरणभाताबरोबर व्हिनेगरचा वास काहींना चायनीजच्या गाडीवरच्या मिरच्यांची आठवण करून देतो. सँडविच, धिरडी, उकडलेली अंडी, संध्याकाळचं चटकमटक खाणं यांच्याबरोबर मात्र बरणी लवकर रिकामी होते. घरात कोणाला रक्तदाबामुळे मीठ जपावं लागत असेल तर हा आणि पुढचा असे दोन्ही प्रकार त्यांच्यासाठी नाहीत.

मिठाच्या पाण्यातली

लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ, अख्ख्या शेंगा, लसूण, मिरची, आणि शेंगा पाण्याखाली राहाव्यात म्हणून वर छोटी वाटी. चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात, पाणी आंबट होतं, मग फ्रिजमध्ये. चवीला ही व्हिनेगरवालीपेक्षा गोल, खोल. पण अख्खी शेंग ठेवूनही पाणी थोडं दाट होतंच, आणि ते सर्वांना सोसत नाही. वर पांढरा पातळ साय-सारखा थर आला तर काढून टाकता येतो. रंगीत, लोकरीसारखी बुरशी दिसली तर बरणी रिकामी करावी. कांजी किंवा इडलीच्या पिठाचा आंबट वास आवडणाऱ्यांनी जरूर करून बघावी, इतरांनी व्हिनेगरपाशी थांबावं.

वाळवण, आणि हंगामाचा मुद्दा

हा पर्याय बरेच जण विसरतात. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेली भेंडी मार्च ते मे महिन्यात येते, तेव्हा ऊन फुकट असतं. काप मीठ घातलेल्या ताकात बुडवून, सांडगी मिरची किंवा गवार वाळवतात तसे कडकडीत वाळवले की डब्यात भरून ठेवता येतात. पावसाळ्यात तळून खिचडीबरोबर घ्यायचे. यासाठी रोजच्या दोन-चार भेंड्याही चालतात, कारण रोजचे काप त्याच सुपात वाढवत जाता येतात. थोडी थोडी भेंडी येणाऱ्या घराला म्हणून वाळवण सर्वांत सोयीचं. तुर्कस्तानात अमास्याकडे बारीक कोवळ्या भेंड्या दोऱ्यात ओवून वाळवतात, सुदानमध्ये वाळलेल्या भेंडीची पूड करून रश्शाला दाटपणा आणतात. ऊन भरपूर असलेल्या मुलुखांनी हा धडा आपापला गिरवलेला आहे.

जून-जुलैत पेरलेली भेंडी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात येते, तेव्हा वाळवण म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्या हंगामात बरणी किंवा फ्रीझर. फ्रीझरसाठी अख्खी भेंडी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग कोरडी करून पिशवीत. नंतर ती सांबारात नीट लागते, परतून कुरकुरीत होत नाही.

जातीप्रमाणे

परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती अनेकांच्या परसात असते. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी ती निघाली. तिची सडपातळ शेंग लवकर तोडली तर बरणीत छान उभी राहते. वाराणसीची लाल काशी लालिमा कढईत शिजली की हिरवी होते, मग लाल लावल्याची मजा ताटात उरत नाही. व्हिनेगरात तिचा रंग पाण्यात उतरतो आणि बरणी गुलाबी दिसते, म्हणून हौसेला ती बरणीतच घालावी. गोव्याची सात शिरांची भेंडी, जिला भौगोलिक मानांकनही आहे, लांब होऊनही कोवळी राहते. ती बरणीत मावत नाही आणि मावावी असंही नाही. तिचं घर हुमण.

अमेरिकेच्या उष्ण भागात राहणाऱ्या मराठी घरांना इथे एक फायदा आहे. टेक्सास, जॉर्जियाच्या उन्हाळ्यात भेंडी परसात भराभर वाढते आणि ५ टक्क्यांचं व्हिनेगर कोणत्याही दुकानात मिळतं. त्यांनी बरणीकडे झुकायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये काचघर नसेल तर भेंडी हाताला लागणंच मुश्किल, तिथे मिळेल ती परतून खावी.

आता निवड. पाच-सहा झाडं असतील तर बरणीचा विचारच करू नका, रोजची तोडा आणि कढईत घाला. दहा-पंधरा झाडं असतील तर आठवड्यातून एका सकाळी ठरवून सगळ्या बोटभर शेंगा तोडा आणि व्हिनेगरची एकच बरणी भरा. बाकीचे दिवस भाजी. उन्हाळा असेल तर झाडं कितीही असोत, भाजीतून उरेल तेवढ्याचं वाळवण. आपल्या पद्धतीचं लोणचं कोणत्याही संख्येला चालतं, फक्त वाटीभर करायचं. हाताने टोक मोडत नाही इतकी जून झालेली शेंग यापैकी कशातच घालू नका. बियाणं संकरित नसेल तर ती झाडावरच तपकिरी होऊन तडकू द्या आणि पुढच्या पेरणीसाठी बी काढून ठेवा. संकरित असेल तर तोडून खतात टाका, कारण शेंगा झाडावर जून होत राहिल्या की नवीन फुलं येणं मंदावतं.