खाडीतला चार्टप्लॉटर: ठिपका अचूक, तळ जुना

ठाणे खाडीत दिवाळे जेटीवरून वाशीच्या पुलांखालून ऐरोलीकडे जाण्यासाठी मी माझ्या 18 फुटी बोटीवर सात इंची पडद्याचा चार्टप्लॉटर, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या नकाशावर जीपीएसने बोटीची जागा ठिपक्याने दाखवणारे यंत्र, बसवला, त्याला आता वर्ष झाले. पडदा भर उन्हातही स्वच्छ दिसतो, ओल्या बोटांनी बटणे चालतात आणि एकदा गेलेली वाट तो नेमकी जपून ठेवतो. उपकरण म्हणून त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विकताना सांगितलेल्या 'तीन मीटरच्या अचूकते'विषयी.

ती अचूकता बोटीच्या ठिपक्याची असते, नकाशातल्या तळाची नव्हे. मार्चमधल्या एका अमावास्येला, ओहोटी लागून चार तास झाले असताना, पडद्यावर माझी बोट निळ्या पट्ट्याच्या मधोमध होती आणि मागे पंखा काळा गाळ उपसत होता. नकाशातली खोली आणि त्या वेळची भरतीची उंची मिळून तिथे निदान दीड मीटर पाणी असायला हवे होते. सोबतच्या तांडेल काकांनी बांबू खाली लावून वर काढला, तर ओली खूण त्यांच्या गुडघ्यापर्यंतच आली. साडेचार तास आम्ही भरतीची वाट पाहत तिथेच बसलो.

कारण समजून घेण्यासारखे आहे. गाळाच्या खाडीत तळ सरकत राहतो, नकाशा मात्र मोजणी झाली त्या दिवसाचाच राहतो. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे पाण्यावरचे 50 मीटर, म्हणजे कित्येक ठिकाणी ओहोटीतला अख्खा प्रवाह. बोटांनी चित्र कितीही मोठे केले तरी त्यात नवी माहिती येत नाही. अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशात मोजणीच्या विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते: 'बी' श्रेणीत स्थानाची चूक 50 मीटरपर्यंत, तर 'सी' श्रेणीत 500 मीटरपर्यंत धरावी लागते. माझ्या यंत्रात ही माहिती तीन मेनू ओलांडल्यावर सापडते आणि विक्रेत्याने तिचा उल्लेखही केला नव्हता, हे मला गंभीर वाटते, कारण याच यंत्राच्या भरवशावर लोक लहान मुलांना घेऊन फ्लेमिंगो पाहायला जातात.

आता मी सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीचा इशारा दीड मीटरवर लावतो. त्याआधी सेन्सर पाण्याखाली किती आहे ते यंत्रात भरावे, नाहीतर आकडा फसवतो. पुलाखाली ठिपका उडी मारतो, तेव्हा पडदा सोडून खांब पाहावेत. मासेमारीच्या डोलीच्या जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट तर कुठल्याच नकाशात नसतात. अनोळखी फाट्यात मी केवळ चढत्या पाण्यावर शिरतो, कारण तेव्हा बोट टेकली तरी पाणीच तिला उचलते.

पाचपैकी साडेतीन तारे. मोजणीचे वर्ष आणि श्रेणी पहिल्याच पडद्यावर दिसू लागली, तर उरलेल्या दीडातला एक तारा मी आनंदाने देईन.