सातपुड्याच्या पायथ्याची माध्यमिक शाळा : दहावीतल्या मुलीच्या पालकाचा अभिप्राय

चोपडा तालुक्यातील आमच्या भागात एका स्थानिक संस्थेची पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. माझी मुलगी पाचवीपासून तेथे शिकते आणि यंदा दहावीत आहे. मुलांना येथे घालावे की तालुक्याच्या गावी पाठवावे, असे अनेक पालक विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे दिसणाऱ्या बहुतेक उणिवा मंत्रालयातल्या निर्णयांतून आलेल्या आहेत आणि त्या अशा अनेक शाळांत दिसतील.

शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. गणिताचे सर शेकडेवारी शिकवताना कापसाचा भाव, वजनातली घट आणि व्यापाऱ्याची पावती फळ्यावर मांडतात. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत उत्तर जमले नाही, तर ते आधी अहिराणीत ऐकून घेतात आणि मग तेच उत्तर त्याच्याकडून मराठीत लिहून घेतात. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो, तेव्हा वर्गशिक्षिका गैरहजर मुलांची यादी घेऊन बांधावर जातात आणि आईवडिलांशी बोलतात. साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले. त्यांच्यासारखे शिक्षक हवेत, असे आमच्याकडची जुनी माणसे नेहमी म्हणतात. या बाईंच्या कामाला मात्र ना भत्ता आहे, ना कुठे नोंद.

खरी अडचण आठवीनंतर सुरू होते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, पण तो 6 ते 14 वर्षे वयाच्या, म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलांपुरता आहे. मोफत पाठ्यपुस्तके आणि शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. त्यामुळे कालपर्यंत खिचडीच्या रांगेत उभी असलेली पाड्यावरची मुले नववीत गेली की मधल्या सुटीत त्या रांगेपासून दूर, वऱ्हांड्याच्या टोकाला जाऊन बसतात. भूक इयत्ता पाहून लागत नाही, आणि नववी-दहावीत जी मुले शाळा सोडतात त्यांत हीच मुले अधिक असतात, हे मी जवळून पाहतो. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. ती सोय उत्तम चालते आणि तिच्यामुळे कितीतरी मुली दहावीपर्यंत पोहोचतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक आहे. कांद्याच्या सालीची पट्टी पाहण्यासाठी संपूर्ण वर्ग रांग लावतो आणि शेवटच्या मुलांची पाळी येण्याआधीच तास संपतो. अनुदानित शाळेला शासन शिक्षकांचे वेतन देते. वीजबिल, रसायने, खडू, दुरुस्ती यांसाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते आणि तेही उशिरा येते. त्यात 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांची नियमित पदे बंद करून ठोक भत्ता ठेवला, त्यामुळे घंटा देण्यापासून कुलूप लावण्यापर्यंतची कामे शिक्षकांच्याच अंगावर पडली आहेत.

पदांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांवर गदा आणली आणि त्यावरून राज्यभर आंदोलने झाली. आमच्याकडचे एक पद अतिरिक्त ठरले, आणि आता इंग्रजी व सामाजिक शास्त्रे एकाच शिक्षिकेकडे आहेत. दहावीच्या इंग्रजीसाठी मुलीला शिकवणी लावावी लागली. ज्यांना ते परवडत नाही, त्यांची मुले त्या विषयात मागे राहिली.

या संदर्भात शासनाची बाजू मी निकालात काढत नाही. मूठभर मुलांच्या शाळेत खेळाचा संघ उभा राहत नाही, प्रत्येक विषयाला स्वतंत्र शिक्षक देणे अवघड जाते आणि मुलांना बरोबरीचे सोबती मिळत नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच 2023 मध्ये समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, कल्पना पुढे आली आणि तिच्यासाठी आपल्याच खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे उदाहरण दिले गेले. परंतु तोरणमाळची शाळा निवासी आहे. मुलाची राहण्या-जेवण्याची सोय शासन करणार असेल, तर दूरच्या पाड्यावरचे आईवडीलही मूल पाठवतील. निवासाची सोय न करता शाळा फक्त दूर नेली, तर सर्वांत आधी मुलींचे शिक्षण थांबेल. विधिमंडळातील चर्चा मात्र बहुधा पटाच्या आकड्यापाशीच घोटाळते. कोठारी आयोगाने (1964-66) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाची शिफारस केली आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तोच 6 टक्क्यांचा आकडा पुन्हा मांडला, परंतु एवढ्या वर्षांत कोणत्याही पक्षाच्या सरकारने तो गाठलेला नाही. 2020 चे धोरण नववी ते बारावी हा एकच टप्पा मानते. तसे असेल तर जेवण, पुस्तके आणि किमान विषयशिक्षक हे दहावीपर्यंत, आणि पुढे बारावीपर्यंत, पटाच्या अटीशिवाय मिळाले पाहिजेत. डोंगराळ भागातील शाळेला शहरातील शाळेच्याच पटाच्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

पाचवी ते आठवीसाठी ही शाळा मी निःशंकपणे सुचवीन. नववी-दहावीसाठीही सुचवीन, मात्र प्रवेशापूर्वी पालकांनी मुख्याध्यापकांकडे चालू वर्षाची संचमान्यता पाहायला मागावी आणि गणित, विज्ञान, इंग्रजी या तिन्ही विषयांना स्वतंत्र शिक्षक आहेत का, ते विचारावे. आमच्या मुख्याध्यापकांनी हा कागद मला विनासायास दाखवला. पद रिक्त असेल तर पालकसभेत ठराव करून तो गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, व त्याची पोच घ्यावी. आमचा इंग्रजीच्या पदाचा ठराव जूनमध्ये गेला असून त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.