व्यसनमुक्तीत काम करायचंय: एमएसडब्ल्यू की सायकॉलॉजीचं एमए?

निकाल लागले की हा प्रश्न घेऊन मुलं-मुली येतात. प्रवेश परीक्षेच्या तारखा, फी, हॉस्टेल, सगळं पाठ असतं. मी आधी एवढंच विचारते, पिणाऱ्या माणसाच्या बायकोशी कधी तासभर बोललायस का? बहुतेक जण गप्प होतात. या क्षेत्रात निम्मं काम तिच्याशीच असतं, म्हणून विचारते.

एमएसडब्ल्यूपासून, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीपासून सुरू करू. पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईतलं निर्मला निकेतन, टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही आपल्याकडची जुनी नावं. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हे स्पेशलायझेशन मिळालं तर उत्तम. दोन वर्षं, आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क, त्याचे रिपोर्ट आणि ते लाल पेनाने रंगवणारा सुपरवायझर. मुलं या रिपोर्टांना वैतागतात, पण पुढे उपयोगी पडतं ते हेच. पेशंट सोमवारी डिस्चार्ज होतो आणि शुक्रवारी त्याचा पगार होतो. त्या चार दिवसांत घरी कोण जातं, बायकोच्या हातात पैसे येतील अशी सोय कोण लावतं, मालकाशी कोण बोलतं? हे शिकवणारा अभ्यासक्रम समाजकार्याचाच आहे. माझ्या पहिल्या होम व्हिजिटला मी वही उघडून प्रश्न विचारत बसले होते. सासूबाईंनी चहा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "वही मिटा बाई, तो बघतोय." वर्गात बसून हे कळलं नसतं.

एमएसडब्ल्यूची उणी बाजूही आहे. दारूच्या आड नैराश्य आहे की नैराश्याच्या आड दारू, हे उलगडायला लागणारी मनोविकारशास्त्राची बैठक तिथे कच्ची राहते. थेरपीची तंत्रं वरवर होतात. आणि नुसत्या एमएसडब्ल्यूवर कायद्याच्या भाषेतला 'सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर' होता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत त्यासाठी पुढची दोन वर्षांची पूर्णवेळ एमफिल लागते.

सायकॉलॉजीच्या एमएमध्ये चित्र उलटं. मनोविकार, चाचण्या, सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी), मुलाखतीचं कौशल्य पक्कं होतं. मोबाइल गेम किंवा ऑनलाइन जुगारात अडकलेली मुलं पाहायची असतील तर हीच वाट जवळची. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' क्लिनिक सुरू केलं. तशा कामात माणसाच्या विचारांच्या साखळीवर बारकाईने बोलावं लागतं. पण प्रॅक्टिकम कॉलेजागणिक बदलतं. काही ठिकाणी चाचण्या वर्गातल्या मैत्रिणीवरच करून फाइल पुरी होते, आणि पदवी हातात आली तरी विड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू तोडल्यावरच्या त्रासात, थरथरणारा माणूस एकदाही पाहिलेला नसतो.

खरी गोम लायसन्सची. एमए झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं समजून फसणारे दर वर्षी भेटतात. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर ती मुख्यतः दोन वर्षांच्या एमफिलवरून मिळत आली. यूजीसीने एमफिल बंद करताना क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. आता परिषदेचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. ही डॉक्टरेट आहे. सावध राहा, नावात 'क्लिनिकल' असलेलं प्रत्येक एमए परिषदेच्या मान्यतेचं नसतं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, परिषदेच्या यादीत नाव शोधा. घरबसल्या सायकॉलॉजी करण्याचा बेत असेल तर तोही सोडा. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली आहे.

तिसरी वाट लोक हिशेबात धरत नाहीत. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं. तिथे आधी उपचार घेऊन मग समुपदेशक झालेले अनेक जण आहेत. "मीही इथेच, याच खाटेवर होतो," असं सांगणाऱ्याचं जेवढं ऐकलं जातं तेवढं माझं ऐकलं जात नाही, आणि त्याची मला खंत नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावरच्या केंद्रांत साधे पदवीधरही समुपदेशक म्हणून लागतात. राष्ट्रीय समाज रक्षा संस्थेची छोटी प्रशिक्षणं असतात, कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेचा उपचारविषयक अभ्यासक्रमही आहे. स्वतः सोबर होऊन बरीच वर्षं झालेल्या चाळिशीच्या माणसाला मी आधी हेच सुचवीन. बावीस वर्षांच्या मुलीला मात्र नाही. प्रमाणपत्रावर नोकरी लागते, पण पुढे वाढायला पदव्युत्तर पदवी लागतेच.

पगाराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अनुदानावरच्या केंद्रात तो बेताचाच, आणि अनुदान लांबलं की तोही लांबतो. खासगी प्रॅक्टिसमध्ये बरे पैसे मिळतात, पण तिथे लायसन्स असलेल्याला मान.

मग काय घ्यावं? केंद्रात, वस्तीत, किंवा गडचिरोलीत दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' चालतं तसल्या गावपातळीवरच्या कामात रमणार असाल तर डोळे मिटून एमएसडब्ल्यू. बंद खोलीत एका माणसासोबत महिनोन्‌महिने बसण्याची ओढ असेल, आणि एमएनंतर आणखी काही वर्षं शिकायची घरची तयारी असेल, तर सायकॉलॉजी. ती तयारी नसेल तर सायकॉलॉजीचं नुसतं एमए या क्षेत्रात एमएसडब्ल्यूपेक्षा कमी कामाला येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. सायकॉलॉजीवाल्या मैत्रिणी यावर भांडतात, भांडोत.

कॉलेजला फोन कराल तेव्हा फी शेवटी विचारा. आधी विचारा: गेल्या वर्षी कुठल्या व्यसनमुक्ती केंद्रात विद्यार्थी पाठवले, किती दिवसांसाठी, आणि त्यांच्यावर देखरेख कोणी केली? "बघू, लावून देऊ कुठेतरी," असं उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा.