सात ड्रॉवरची टूल ट्रॉली, चौदा महिन्यांनंतर: कपाट पास, चटई नापास

तिसऱ्या ड्रॉवरच्या डाव्या चॅनेलमधून, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीतून, परवा सात-आठ छर्रे टपटप खाली पडले, म्हणून हे लिहायला घेतलं. पण चौदा महिन्यांतली खरी तक्रार चॅनेलची नाहीच. ती आहे ट्रॉलीबरोबर फुकट येणाऱ्या काळ्या, जाळीदार, मऊ चटईची. पत्र्याची जाडी, कुलूप, बाहेरची मापं सगळीकडे छापलेली असतात, ती इथे सोडतो.

आधी चॅनेल उरकून टाकू. विक्रीनंतरच्या सेवेचं उत्तर तीन ईमेलनंतर एका शब्दात आलं: ओव्हरलोड. ड्रॉवर काट्यावर ठेवला तर सामानासकट 31 किलो भरला, आणि चॅनेलवर 45 किलो लिहिलंय. मात्र हा 45 चा आकडा जोडीचा असतो, एका बाजूचा नाही, आणि वजन ड्रॉवरभर सारखं पसरलेलं आहे असं धरून दिलेला असतो. पटकन हाताला यावं म्हणून अर्ध्या इंची सॉकेट, रॅचेट आणि लांब दांडा ड्रॉवरच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात ठेवला, की ड्रॉवर पूर्ण उघडल्यावर तेच वजन चॅनेलला कितीतरी जड जातं. तेव्हा कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तरी छर्रे पडण्याचं कारण वजन नव्हतं. ड्रॉवर काढून परत बसवताना छर्ऱ्यांचा पिंजरा, म्हणजे छर्रे जागेवर धरणारी पातळ पट्टी, मागेच राहिला होता.

हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, म्हणून सविस्तर. ड्रॉवर काढताना दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या खटक्यांपैकी एक वर आणि एक खाली दाबायचा असतो. दोन्ही एकाच दिशेला दाबले तर एकच बाजू सुटते आणि ड्रॉवर तिरका अडकतो. परत बसवण्याआधी कपाटातल्या चॅनेलमधला पिंजरा बोटाने ओढून अगदी पुढच्या टोकाला आणायचा, ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम सरळ त्यात घालायच्या आणि सावकाश आत ढकलायचं. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा घालायचं. पट्टीची धार पिंजऱ्याच्या कडेवर आदळली की तो वाकतो आणि छर्रे सुटतात. एकदा सुटले की ते परत बसवत बसण्यात अर्थ नाही, जोडी बदला. 45 मिमी उंचीची, तेवढ्याच लांबीची चॅनेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, फक्त भोकांच्या जागा जुन्यावर ठेवून पडताळा. आणि चॅनेलला जाड ग्रीस लावू नका. लाकडाचा भुसा त्यात बसला की त्याची खळ होते. पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब पुरतात.

आता चटई.

चार महिने झाले तेव्हा मी तिचं कौतुकच करत होतो. पाने सरकत नव्हते, ड्रॉवर लावताना खडखडाट नव्हता. मग एक 19 चा रिंग पाना उचलून उलटा केला. वरून आरशासारखा, आणि खालच्या बाजूला बारीक चौकोनांची तांबूस नक्षी, हुबेहूब चटईच्या जाळीची. शेजारचा 22 चा उलटा केला, तीच नक्षी. क्रोमवर निदान डाग होते. काळ्या ऑक्साइडच्या पकडी, कानशी आणि गुण्याची पट्टी यांना खड्डे पडायला लागले होते. नीट पाहिलं तर गंज जाळीच्या भोकांच्या जागी नव्हता, दोऱ्या जिथे टेकतात तिथे होता. भोकांतली ओल हवेने सुकते, दोरी आणि पोलाद यांच्या चिमटीतलं पाणी सुकत नाही. त्यात तळहाताच्या घामाचं मीठ.

ओल येते कुठून? गॅरेजची फरशी आणि कपाटाचा पत्रा रात्रभर थंड होतो. सकाळी दार उघडलं की दमट हवा आत येते. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू साधारण 26 अंशांवर असतो. म्हणजे पाना 26 च्या खाली असला की त्यावर दव धरणारच, डोळ्यांना दिसो न दिसो. ओली गाडी आत लावली आणि दार बंद केलं की भरच. स्पंजासारखी चटई ही ओल धरून ठेवते.

याच चटईचा दुसरा प्रताप: ती पीव्हीसीची असते आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर येतं. मोजपट्टीच्या एबीएस प्लास्टिकच्या खोक्यावर आणि पॉलिस्टायरिनच्या डबीवर ते उतरलं आणि दोन्ही चिकट झाली, वर जाळीचा ठसा कायमचा. साबणाने निघत नाही, कारण तो डाग नाही, प्लास्टिकच विरघळलंय.

इथवर वाचून चटई फेकायला निघाला असाल तर जरा थांबा, कारण माझंही मत तेच होतं आणि ते बदललं. एका ड्रॉवरमध्ये जाळी तशीच ठेवली, एकात काहीच न अंथरता नुसता पत्रा ठेवला, दोन ड्रॉवरमध्ये 3 मिमी ईव्हीए (चपलेच्या तळव्यासारखा मऊ) फोम, एकात रेघांचं रबर. तपासणी महिन्यातून एकदा, हत्यारं उलटी करून. चार महिन्यांनी उघड्या पत्र्यावरच्या पान्यांना गंज सर्वांत कमी, पण रंग खरवडून पत्र्यालाच गंज धरला आणि आवाज असह्य. ईव्हीए ओल शोषत नाही, तरी सपाट हत्यार सपाट फोमवर बसलं की मध्ये पाण्याचा पापुद्रा धरतोच. न पुसता ठेवलेल्या पट्टीखाली डाग आलाच. म्हणजे दोष एकट्या चटईचा नव्हता, ठेवण्याआधी न पुसण्याचाही होता. फरक इतकाच, की ईव्हीए चूक माफ करतं आणि जाळी करत नाही. सर्वांत बरं ठरलं ते रेघांचं रबर. रेघांमधून हवा खेळते, आणि रेघा ड्रॉवरच्या दर्शनी पट्टीला समांतर बसवल्या तर उघडताना सॉकेट घरंगळत नाहीत. पितळी वस्तू मात्र रबरावर ठेवू नका, त्यातल्या गंधकाने काळ्या पडतात.

गंज आलाच असेल तर: क्रोमवरचे डाग ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की निघतात, पॉलिश पेपर (सँडपेपर) लावू नका. क्रोम नसलेल्या साध्या पोलादाला रात्रभर व्हिनेगर, मग सोड्याच्या पाण्यात धुवून, लगेच सुकवून, तेल. पाणी हटवणारे पातळ स्प्रे काम झाल्यावर पुसायला ठीक, पण त्यांचा थर टिकत नाही. महिनोन्महिने ठेवायच्या वस्तूला मशीन ऑइल किंवा मेण. सिलिका जेलच्या पुड्या ड्रॉवरमध्ये टाकणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून कूलर लावणं. कपाटाला सगळीकडे फटी असतात, दोन-तीन दिवसांत पुडी भरते. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, कानशी आणि ड्रिलची पातीही त्याच डब्यात.

एक वास येईल, त्याची आधीच कल्पना असू द्या. पारदर्शक पिवळ्या-लाल मुठींचे काही स्क्रू ड्रायव्हर बंद ड्रॉवरमध्ये राहिले की खवट लोण्यासारखा, खरं तर ओकारीसारखा वास मारतात आणि मुठीवर पांढरी बुरशी दिसते. ती बुरशी नाही. सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट या प्लास्टिकमधून ब्युटिरिक आम्ल सुटतं. साबणाने धुवा, सुकवा आणि ते भिंतीवर उघड्या हवेत टांगा.

भिंतीवरून आठवलं. ट्रॉलीबरोबर भोकांचा पत्र्याचा बोर्ड घेणार असाल तर आधी भोकांमधलं अंतर मोजा. इंची बोर्डात ते 25.4 मिमी असतं, काही बोर्डांत नेमकं 25, आणि चौकोनी 10 मिमी भोकांच्या प्रकारात 38. दोन भोकांच्या हुकला 25 आणि 25.4 चा फरक कळत नाही. दहा भोकं ओलांडणारी फळी मात्र 4 मिमीने चुकते आणि बसतच नाही. भोक पाव इंची आणि हुकची तार एक अष्टमांश इंची असेल तर हातोडी उचलताना हुकही हातात येतो. हुकच्या मानेला शेजारच्या भोकातून प्लास्टिकचा टाय आवळला की प्रश्न संपतो. बोर्डमागे किमान 12 मिमी पोकळी हवी, 20 मिमीच्या पट्ट्या ठोकल्या तर निवांत. आणि हत्यारांच्या आकृत्या मार्करने लगेच काढू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत निम्म्या जागा बदलतात.

ट्रॉलीची भरणी: जड ते खाली, हे सगळे सांगतात. त्यातही एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं कुलूप आपल्या मॉडेलला आहे का ते आधी बघा. या ट्रॉलीला नाही. वरचे तीन भरलेले ड्रॉवर एकदम ओढले तर ती पुढे झुकते. चाकं 75 मिमीची आहेत, एका पडलेल्या स्क्रूवर अडतात. 125 ची मिळत असतील तर तीच घ्या.

खिळे-वॉशरसाठी वेगळ्या डब्या घ्याल तर धुरकट दिसणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या घ्या. काचेसारख्या स्वच्छ पॉलिस्टायरिनच्या डब्या पडल्या की तडकतात, थिनर लागला की पांढऱ्या होतात. मापाची चिठ्ठी डबीच्या अंगावर चिकटवा, झाकणं आपापसांत बदलली जातात.

कपाटाला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण चॅनेलची जोडी सुटी मिळते म्हणून, तीही कंपनीकडून नव्हे.

काढलेली जाळीदार चटई टाकली नाही. पॉलिश पेपर मारताना फळी बाकावर सरकते, तिच्याखाली हा तुकडा पसरला की शिकंजा लागत नाही.