खिडकीची सीट: पंखापुढे की मागे, डावी की उजवी?

खिडकीची सीट घेतली म्हणजे बाहेरचं दिसेलच असं नाही. एकदा जास्तीचे पैसे मोजून मी खिडकी घेतली आणि दोन तास प्लास्टिकच्या भिंतीकडे बघत बसलो. विमान बोईंग ७३७ होतं. त्यात पंखाच्या जरा पुढे एसीचा पाइप भिंतीतून वर जातो, तेवढ्या जागेत खिडकीच नसते. सीट मॅपवर मात्र ती सीट खिडकीचीच दिसते. बाकीच्या रांगांतही खिडकी बरोबर शेजारी येईल याचा भरवसा नाही. खिडक्यांमधलं अंतर विमानाच्या सांगाड्याने ठरतं, साधारण अर्धा मीटर. सीटमधलं अंतर ठरवते कंपनी. त्यामुळे मी आधी रांग बघतो, बाजू मागाहून.

जेट विमानात पंखाच्या चांगल्या तीन-चार रांगा पुढे बसलात तर खालची जमीन मोकळी दिसते. पंखामागेही जमीन दिसते, पण इंजिनाची गरम हवा मधे येते आणि उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं तसं सगळं लहरत राहतं. नुसतं बघायला चालतं, फोटो मात्र हमखास बिघडतात. आवाजही मागेच जास्त. पंखावरच्या रांगेतून जमीन जेमतेम दिसते, पण यंत्राची हौस असेल तर तीच घ्या: उतरताना फ्लॅप टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतात आणि चाकं टेकली की पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. एटीआरसारख्या पंख्याच्या छोट्या विमानात हा प्रश्नच कमी, कारण पंख छताला असतो आणि विमान उडतंही खालून.

आता बाजू. ‘ए’ म्हणजे डावी खिडकी; तीन-तीनच्या मांडणीत ‘एफ’ उजवी. उन्हाच्या बाजूला काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि खालचं सगळं धुरकट होतं. सावलीच्या बाजूला ऊन आपल्या पाठीमागून पडतं, त्यामुळे रंग खुलतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. म्हणून पूर्वेकडे जाताना डावी बाजू, पश्चिमेकडे जाताना उजवी. सकाळी उत्तरेकडे निघालात तर डावीच.

सावलीच्या बाजूचं खरं बक्षीस वेगळंच आहे. खाली ढगांचा सपाट थर असला की विमानाची सावली त्यावरून धावते आणि तिच्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ दिसतं: इंद्रवज्र. ढग जवळ आले की नीट बघा, वर्तुळाचा मध्य सावलीतल्या विमानावर नेमका तुमच्या रांगेपाशी असतो. शेजारच्या रांगेतल्या माणसाचं वर्तुळ किंचित वेगळं! उन्हाच्या बाजूला हे कधीच दिसत नाही.

सूर्यास्ताला बहुतेक जण उलट करतात, सूर्याकडची सीट घेतात. घ्यायला हरकत नाही. मी तेव्हाही पाठ फिरवतो, कारण समोरच्या क्षितिजावर निळसर-राखाडी पट्टा हळूहळू वर चढतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी किनार असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली.

वाटेत एखादं मोठं दृश्य ठरलेलं असेल तर उन्हाचा हिशोब बाजूला ठेवा. ३५,००० फुटांवरून क्षितिज सुमारे ३७० किमी लांब असतं, त्यामुळे दूरचे पर्वतही दिसतात. दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय डावीकडे, परतताना उजवीकडे.

उतरतानाची बाजू हा मात्र अर्धा जुगार. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं; वारा फिरला की त्याच धावपट्टीवर उलट्या टोकाने येतं, आणि ज्या शहरासाठी तुम्ही डावी बाजू पकडली ते उजवीकडून निघून जातं. धावपट्टीच्या आकड्याला दहाने गुणलं की दिशा कळते: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड, दुसऱ्या टोकावर ०९. वेब चेक-इनच्या आधी वाऱ्याचा अंदाज या आकड्यांशी ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.